खिसा

हडर्सफील्डच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
एक हीटर, जो फक्त आवाज करतो.
लोक पँटी आखूड करायला येतात,
सुटलेल्या पोटासाठी दोन इंच मागायला.

फेब्रुवारीत गॅरेथ ओल्ड्रॉइड आला.
इथंच अकरा वर्षं रग्बी खेळून
ज्यानं तीनदा नाक मोडून घेतलं
आणि आता शनिवारी रात्री टीव्हीवर लोकांना हसवतो, तो.
पिशवीत हिरवा रेशमी झगा.
म्हणाला, लंडनचा शिंपी पाठीला हात लावायला घाबरतोय.
पुरस्काराच्या रात्री घालायचाय. श्वास घेता आला पाहिजे.

छाती अठ्ठेचाळीस.
बगलेखालून टेप नेताना त्यानं हात वर केले,
अंघोळीला उभं केलेलं मूल करतं तसे.
पाठीत जोड घालावा लागेल, म्हटलं.
घाला. आणि एक खिसा.
झग्याला?
इनहेलर ठेवायला. माईकसमोर दम लागतो मला.

सांगलीत ज्यांच्या हाताखाली मी काजं करायला शिकलो
ते यशवंता मास्तर सांगायचे,
नाटक कंपनीच्या नायिकेचं पोलकं मीच शिवायचो.
नायिकेला रोज दाढी करावी लागे.
पुढच्या रांगेतल्या बायका घरी जाऊन
आरशापुढं तिच्यासारखा पदर घेऊन बघत.
नवरे वन्समोअर ओरडत,
आणि सकाळी त्यांचंच पोर पडलं की म्हणत,
रडतोस काय बायकांसारखा.

मला हसायला काय जातंय.
निनादनं फुटबॉल सोडलं त्या संध्याकाळी
बांगड्या भर हातात, असं मीच म्हणालो होतो.
इथल्या थंडीत, अस्सल मराठीत.
सामानातलं बाकी सगळं फुटलं,
हे तेवढं धड पोचलं होतं.

मग फोटो आले.
शर्ट न्यायला आलेले मिस्टर सायक्स म्हणाले,
आमच्या वेळी पुरुष पुरुष होते.
डिसेंबरात त्यांच्याच स्कॉटिश जावयाचा घागरा,
चुकलो, किल्ट,
मी कमरेत सैल करून दिला होता.
पिकर्सगिल बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
पाठ मात्र काय बसलीय!
माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बरं झालं.

पाडव्याला लीड्सच्या हॉलमध्ये मंडळाचं जेवण.
बोडस डॉक्टर श्रीखंडाची वाटी घेऊन शेजारी बसले.
काय ही थेरं! तुमच्याच गावचा ना तो?
शिवलं तरी कुणी असेल हो ते?
मी म्हणालो, लंडनमध्ये असेल कुणीतरी.
निनाद पुऱ्या वाढत होता.
तीन आठवडे माझ्या स्वेटरवरचे हिरवे दोरे
त्यानंच वेचले होते.
बोलला नाही काही.
पुरी वाढली आणि पुढं गेला.

मेमध्ये झगा परत आला.
घेरावर बुटाचा ठसा, शिवण वीतभर उसवलेली.
मुद्दाम दिला का कुणी पाय?
गर्दी होती, म्हणाला.
मग स्टुलावर बसून त्यानं चहा घेतला,
एका कपाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ.
जाताना ठशाकडं बोट करून म्हणाला,
दहा नंबर असेल, नाही?

लग्नाच्या सुटांना मी माझ्या नावाची पट्टी लावतो.
याला लावली नव्हती. विसरलो,
असं मीच मला सांगितलं होतं.
त्या रात्री लावली.
मानेमागं नाही, एवढी छाती नाही माझी.
खिशाच्या आत, तळाशी,
जिथं ती फक्त इनहेलरला लागेल.
निनाद मोबाईलचा उजेड धरून उभा होता.
बाबा, तिरकी जातेय.

उसवली.
पुन्हा घेतली.